कवडी

पाइपलाइनचा खड्डा.
शुक्रवारपासून मजूर आलेच नाहीत.
संध्याकाळी कवडी चुकली,
सापडली तेव्हा पुढचा उजवा पाय
गुडघ्याखाली भलतीकडंच बघत होता.
ट्रॅक्टरला दावं लावून वर काढली.
रेकली नाही.
नुसता श्वास, भात्यासारखा,
आणि तो एक पांढुरका डोळा
माझ्याकडं.

मग आळी जमली.
कामट्या बांधा, हळद भरा.
साडेचारशे किलोचं जनावर
तीन पायांवर उभं राहील म्हणे.
जाऊबाई म्हणाल्या, पाणी पाज नि देवावर सोड,
आपल्या हातानं नको.

मुश्ताकभाई आला. कुणी बोलावलं ठाऊक नाही.
बराच वेळ तिच्यापाशी उकिडवा बसला.
म्हणाला, बावीस हजार देतो,
पण खोटं नाही बोलत ताई,
टेम्पोत चढवायला सहा माणसं लागतील
आणि चांदणी चौकापर्यंतच
सत्तावीस गतिरोधक आहेत.

मी बावीस हजार मोजले मनात.
मोजले नाहीत असं म्हणणार नाही.
पोरीच्या डिप्लोमाची फी एकोणीस.
मग गतिरोधक मोजू लागले,
नवव्याला थांबले.

आठ वर्षांमागं, ह्याच गोठ्यात,
ती आईच्या पोटात अडकली होती,
हाच पाय मागं दुमडून.
कोपरापर्यंत हात घालून
मी खूर तळहातात झाकला, आत काही फाटू नये म्हणून,
पाय सरळ केला
आणि तिला ओढली बाहेर, ह्या उजेडात.
तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं,
देवावर सोड.

तनपुरे मॅडम पौडहून आल्या, रात्री दहाला,
हेल्मेट काढायच्या आधी गुडघ्यांवर बसल्या.
हाड चाचपलं. माझ्याकडं पाहून मान हलवली.
कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे
मोबाइलमध्ये भरले.
म्हणाल्या, मी लिहून देते,
पण सही मालकाची. मालक कोण?
सगळ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं.
ह्यांनी माझ्याकडं.

सही करण्याआधी म्हटलं, थांबा,
कास भरलीय, तटतटलीय तिची.
निजल्या म्हशीची धार काढता येत नाही नीट,
अर्धी चिखलात गेली.
तरी चारी सड मोकळे केले.
हे दूध वापरू नका, मॅडम म्हणाल्या,
दुखणं थांबायचं औषध टोचलंय मघाशी.
मला माहीत होतं.
दूध कुणासाठी नव्हतंच ते.

डोंगराच्या पलीकडं हिंजवडीचा उजेड,
तिकडचं आभाळ कधी काळं होत नाही.
मी तिचं डोकं मांडीवर घेतलं,
जड, शेणाचा नि गवताचा वास,
शिंगामागं खाजवलं, तिला आवडायचं तिथं.
पहिल्या सुईनं मान सैल पडली.
दुसरी कधी गेली, कळलं नाही.
पांढुरका डोळा उघडाच राहिला,
फक्त आता कुणाकडंच नव्हता.

जाऊबाई दारातूनच परतल्या.
चार दिवस बोलल्या नाहीत.
त्यांचंही बरोबर असेल.
देवावर सोडली असती तर हात कोरडे राहिले असते,
आणि पहाटेपर्यंत मी उशीत तोंड खुपसून
तो भाता ऐकला असता.

पुरायचं खोल, मॅडम बजावून गेल्या,
औषधाचं अंग आहे, कुत्री-घारी मरतील.
सकाळी जेसीबी आला.
तोच, पाइपलाइनवाला.
पोरगा कॅबिनमधून उतरला, खाली बघत राहिला,
डिझेलचेसुद्धा नको म्हणाला.
मी पैसे सीटवर ठेवले.
मीठ दोन गोणी. चुना एक.

रेडकू दिवसभर माझी बोटं चोखत होतं.

डेअरीवर कॅन ठेवला.
वजनाला बसलेल्या पोरानं विचारलं,
काकू, आज सहा लिटर कमी?
म्हटलं,
लिही.