पंच क्रमांक दोन

माहं दुकान कृषी केंद्राच्या भिंतीले लागून,
म्हनून मी पंच. दुसरं कारन नाई.
एका शर्टाची काजं करत बसलो होतो,
तेवढ्यात जीप थांबली. मॅडम उतरल्या,
एका हातात लाख, दुसऱ्यात मेनबत्ती.
"नाव?"
गुलाब तुळशीराम खोडे.
"सही येते?"
येते म्हटलं. थोडी वाकडी येते.

विनायकभाऊनं सगळ्याईले चाय सांगतली.
मॅडमनं घेतली नाई.
मी घेतली.

एकाच औषधाचे तीन नमुने, लेबलवर लाल तिकोन.
एक दुकानदाराले, एक प्रयोगशाळेले,
एक कोर्ट मागन तवासाठी.
पिशव्या नव्हत्या तिच्यापाशी.
मांजरपाट काढला, तीन शिवून देल्या,
दुहेरी टीप, कोपऱ्यावर उलटा टाका
माह्या बापानं शिकोलेला.
वरून लाख टिपकली, शिक्का बसला.
सारा बजार पाहत होता,
जवळ कोनी येत नव्हतं.

सात वर्सानं समन्स आलं, पांढरकवड्याचं.
"ही सही तुमचीच?"
वाटते.
"वाटते, की आहे?"
मंग पिशवी दाखोली. लाखेचा चुरा झालेला,
शिक्क्यातलं एक अक्षर लागत नाई,
बुडाशी पिवळा डाग.
"सील तुटलेले आहे, साहेब," वकील म्हने.
मी कोपरा बोटानं चाचपला.
सीलचं मले समजत नाई, म्हटलं. शिवन तुटली नाई.
"असा टाका कोणताही शिंपी घालतो."
घालून दाखवा म्हटलं.
साहेबानं चष्मा काढला, पुसला, टायपिस्टले सांगतलं:
"साक्षीदार म्हणतो, शिवण शाबूत आहे. शिवण त्याची आहे."
तारीख पडली. दिवाळीनंतरची.

बाहेर मॅडम होत्या. रिटायर झालेल्या,
एस्टीनं आल्या होत्या, गुडघा धरून.
या खेपेले चाय घेतली. पैसे त्याईनंच देले.

एक गोठ कोनी इचारली नाई:
तो शर्ट कोनाचा होता.

रुषी टेकामाचा.
ग्रामसभेत सांगतलं होतं, पूर्न बाह्याचं घाला,
म्हनून शिवाले टाकला त्यानं.
पोळ्यापर्यंत देतो म्हटलं होतं मी.
पोळा झाला, तो बनियनवरच गेला, पंप पाठीले,
न भर दुपारी घरी येऊन बायकोले म्हने,
दिवा काऊन लावला नाई?
जीप आली ती त्याच्या तिसऱ्या दिवशी.
काजं करत होतो मी. येईन म्हनून.

वहीत माप आहे अजून. छाती चौतीस.
मागच्या महिन्यात त्याचा पोरगा आला, टेप लावला,
चौतीस.
खुंटीवरचा शर्ट काढला. राहली होती ती तीन काजं केली.
पैसे घेतले नाईत.
उद्यापासून फवारनीले जातो म्हने.
वरची गुंडी लावत जा, म्हटलं.
गरम होते काका, म्हने.