वाक्यात उपयोग करा

कोपरखैरण्यात, झेरॉक्सच्या दुकानावर,
सात ते साडेआठ
मी इंग्रजी शिकवतो.
दर मंगळवारी फळ्यावर एक शब्द लिहितो
कुणाच्याच कामाचा नसलेला.
फीमध्ये तो धरलेला नाही.

या मंगळवारी: युझुफ्रक्ट.
झाड दुसऱ्याचं, फळं खायची तुम्ही,
फक्त फांदी मोडायची नाही,
आणि जाताना झाड होतं तसं परत.
लिहून घ्या. वाक्यात उपयोग करा.

निनाद, कॉल सेंटरच्या मुलाखतीला निघालेला:
‘कॅन आय युझुफ्रक्ट युवर बाइक?’
म्हटलं, हे क्रियापद नाही.
तो म्हणाला, पण सर, बाइक मिळेल ना?
शमीम, पार्लरवाली: नणंदेकडे
माझ्या चार्जरचा युझुफ्रक्ट आहे.
चार्जरला फळं लागत नाहीत,
तरी अर्धा गुण दिला.

शेवटच्या बाकावर द्वारकाबाई म्हात्रे,
बोनकोडे गावच्या, वय चोपन्न.
बँकेचे मेसेज सुनेकडून वाचून घ्यायचे नाहीत
म्हणून येतात.
‘सर, यो शबुद बाय का बाप्या?’
इंग्रजीत तसं नसतं, मी म्हणालो.
‘आपल्यान आनल्यावर लागंल ना.’
मला उत्तर सुचेना.
त्यांनीच ठरवलं: बाय.

मग उभ्या राहून, वहीकडे न बघता,
‘सेक्टर एकोणीसच्या टॉवरमधल्या जांभळीवर
माझी युझुफ्रक्ट हाय,
वॉचमन रातपाळीचा असंल तं.’

ती जांभळ सासऱ्यांनी लावलेली.
टॉवर नंतर उगवला.
हे वाक्यात नव्हतं,
खाली बसताना, पदर सारखा करताना म्हणाल्या.

मी बरोबरची खूण केली.
घरी जाताना मात्र खटकलं,
वॉचमनच्या पाळीवर टिकणारा
तो हक्क कसला?
डिक्शनरीत ‘असंल तं’ नाही.
मग जिना चढलो, अकरा महिन्यांच्या कराराचा,
कुलूप उघडलं,
आणि ज्या भाषेवर माझं दूध-पेपरचं बिल निघतं
तिचा तरी मालक कुठे मी,
अजून स्वप्नात ‘द’ लावायला विसरतो.

पुढच्या मंगळवारी द्वारकाबाईंनी
धुतलेल्या दुधाच्या पिशवीत
मीठ लावलेली जांभळं आणली.
खिडकीच्या कठड्यावर बियांची रांग लागली.
जांभळ्या जिभांनी सगळ्यांनी
गेल्या आठवड्याचा शब्द म्हटला,
प्रत्येकाने वेगळा, प्रत्येकाने चुकीचा.
दुरुस्त करायला मी तोंड उघडलं,
पण माझीही जीभ
तुरट, जड होऊन बसली होती.