दीड दिवस, पाच दिवस

बांबोळीला, आमच्या प्रयोगशाळेत,
एक कपाट आहे पस्तीस अंशांचं.
त्यात रक्ताच्या बाटल्या हलत राहतात
सुपातल्या तांदळासारख्या, रात्रंदिवस.
जे उगवायचं ते बहुतेक पहिल्या दोन दिवसांत उगवतं:
दिवा लागतो, मी उठते,
वॉर्डला फोन, औषध बदलतं.
उरलेल्या बाटल्या पाच दिवस
काही न बोलता काढतात,
मग मी शिक्का मारते: वाढ नाही.
सव्वीस वर्षं मारतेय.

डॉक्टर ग्लाफिरा फुर्तादो नवीन आल्या.
वही पुढे करून म्हणाल्या, उत्पला,
चौथ्या दिवसानंतर हजारात किती, मोज.
मोजलं. बोटांवर मावलं.
मग चार पुरेत.
बघ, ट्रेमध्ये बाटल्या ताटकळल्यात, कपाटात जागा नाही.
खोटं नव्हतं त्यांचं.
संशय असेल ते अर्जावर लिहितील, ती जास्त ठेवू.
अर्ज कोण नीट लिहितं, मी म्हटलं.
त्या हसल्या. मीही.

सासरी चतुर्थी दीड दिवसाची.
माहेरी, माशेलला, पाच दिवसांची.
दीड दिवसात देव येतो, जातो,
अर्धाच आला असं कुणी म्हणत नाही.
पण पाचव्या दिवशी माटोळीतली फळं पिकायची,
घरभर वास सुटायचा.
तो वास दीड दिवसाच्या घरांना ठाऊक नाही.

बिरो वरक, वय एकतीस, नेत्रावळी.
महिनाभर संध्याकाळचा ताप. कंबर धरलेली.
हृदयाची झडप बिघडलेली. व्यवसाय: कोरा.
सोमवारी रक्त आलं,
बुधवारी पहाटे तो गेला.
वॉर्डातून निरोप: त्याच्या बाटल्या काढल्या तरी चालतील.
मी कपाटाला काही कळवलं नाही.
नियम अजून पाचचा होता, एवढंच.
तिकडे त्याच्यावर माती लोटून झाली असेल,
इकडे त्याचं दहा मिलिलिटर
अंगाइतकंच गरम.

शुक्रवारी चौथा दिवस भरला. आलेख सपाट.
शनिवारी, ड्यूटी संपायला वीस मिनिटं असताना,
दिवा.

काचपट्टीवर बारीक तांबूस रेती,
इतकी फिकी की चष्मा पुसून पाहिला.
फुर्तादोबाई सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात.
कॅबिनेटबाहेर उघडू नकोस, म्हणाल्या.
मग: वरक म्हणजे गवळी ना गं?
मग बराच वेळ काही नाही.
मग: कच्चं दूध.

सोमवारी बैठक आहे, चार की पाच.
एका बाटलीवरून नियम करत नाहीत, त्या म्हणाल्या.
खरं आहे. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.
वहीत एक रेघ वाढवली.
अजून बोटांवरच मावतंय.

रिपोर्ट पाठवायचा कुठे?
अकरा नंबरच्या खाटेवर आता
काणकोणचा एक म्हातारा मोसंबं सोलतोय.
अर्जाच्या कोपऱ्यात पेनानं खरडलेला फोन,
शेवटचा आकडा एक की सात कळेना.
एक लावला. म्हापशाचं टायरचं दुकान.
सात लावला.
खूप वेळ वाजला. उचलला तेव्हा
मागे म्हैस रेकत होती, भांड्यात धार पडत होती,
कुठलंसं पोर खोकलं,
आणि एक बाई म्हणाली, “कोण उलयता?”

बांबोळीहून, मी म्हटलं,
आणि अडले.
दूध तापवून पिता का,
हे आधी विचारायचं
की नंतर?