उणे दोन

विद्यापीठाने पाठवलं सहा आठवड्यांसाठी.
शिकवून बघा, म्हणाले, अंगाला बसतंय का,
दुकानात आरशापुढे कपडा लावून बघतात तसं.
बाबा म्हणाले, बघ. पण घेऊ नकोस.

सकाळी सव्वासहाला अख्खं शारजा
दुबईकडे तोंड करून उभं असतं,
लाल दिव्यांची एकच न हलणारी रांग.
शाळेची पिवळी बस तेवढी उलट्या दिशेने.
तिच्यात मी, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात,
मांडीवर कुणाचंतरी पेंगुळलेलं डोकं.

पहिले दोन आठवडे शेवटच्या बाकावर.
निरीक्षण वहीत लिहायचं
किती हात वर, कितीजण खिडकीबाहेर.
(खिडकीबाहेर मीच जास्त.)
सहावी फ. हजेरीत एकोणतीस नावं,
चारांवर लाल रेघ आणि पुढे तारीख.
वडिलांचा व्हिसा संपतो
आणि मूल वहीतून जातं.
कुरुविला मिस नावं वाचतात सरसर,
त्या रेघांपाशी मात्र
उंबऱ्याला पाय लागावा तशा किंचित थबकतात.

तिसऱ्या सोमवारी मार्कर माझ्या हातात आला.
धडा: शून्याच्या खालच्या संख्या.
पुस्तकात डोंगरातलं एक गाव, बर्फ, पारा उणे चार.
मी ते तसंच वाचलं.
बाहेर चव्वेचाळीस.
झियाद म्हणाला, मिस, आमचा एसी सोळाच्या खाली जातच नाही.
वर्ग हसला. मलाही हसता आलं असतं.
मी उधारीवर घसरले,
समजा खिशात दहा दिरहम आणि खाल्लं पंधराचं.
कँटीनचे चाचा उधार देत नाहीत, मिस.

पाठ ओली झाली होती.
रात्री दोनपर्यंत जागून कापलेली रंगीत संख्यारेषा,
तिचीसुद्धा एका टोकाची चिकटपट्टी सुटली
आणि ती हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत,
लोंबकळत उभी झाली.

तेव्हा दिलशान,
ज्याच्या नावापुढे माझ्या वहीत दोन आठवडे नुसती टिंबं,
जागेवरूनच म्हणाला,
ही लिफ्ट आहे.
माझे पप्पा उणे दोनला असतात.
हॉस्पिटलची लॉन्ड्री. उणे एकला गाड्या.
शून्याला फुलांचं दुकान.
नवव्यावर बाळं होतात,
त्यांची दुपटी खाली येतात पप्पांकडे.

किती मजले, मी विचारलं,
आवाज माझा नव्हता.
अकरा, म्हणाला अख्खा वर्ग.

मग सगळेच शिरले त्या लिफ्टमध्ये,
ढकलाढकली करत, वर, खाली,
सातातून नऊ काढले, तरी कुणी पडलं नाही.
कुणीतरी विचारलं, उणे तीनला काय?
दिलशान जरा थांबला.
तिथे पप्पा आत जात नाहीत.
चादरी दारातच देतात.
यावर कुणी हसलं नाही, मीही काही बोलले नाही,
उणे तीन लिहिलं
आणि घंटा झाली.

मिस मागे बसून वह्या तपासत होत्या,
तासभर मान वर नाही.
जाताना एवढंच म्हणाल्या,
मार्करचं टोपण लावत जा,
इथल्या हवेत लगेच वाळतात.

शेवटच्या शुक्रवारी विद्यापीठाचा फॉर्म आला.
चौदावा प्रश्न: हा पेशा स्वीकाराल का?
तीन चौकोन. हो, नाही, ठरलेलं नाही.
जेवताना बाबांनी टिशूवर गणित मांडलं,
शिक्षिकेचा पगार, घरभाडं, वजाबाकी.
उत्तराआधी त्यांनी आडवी रेघ काढली, उणेची,
आणि माझ्याकडे पाहिलं.
हातचा चुकलाय, मी म्हटलं.
खरंच चुकला होता. तरीही उणेच येत होतं.

फॉर्म शोधायला पर्स उपडी केली
तर शाळेचा मार्कर निघाला,
निळा, टोपण घट्ट लावलेलं.
सोमवारी परत द्यायला जावं लागेल.
पहिला तास सहावी फ.