अर्धं मैदान

चौपन्न-एकसष्ट. हरलो पुन्हा.
बुटांचा बर्फ दारात झटकून
आम्ही चौघं नेहमीच्या टेबलाशी बसलो,
आणि कॉफी यायच्या आत
मर्लिन ह्रुस्कानं कोच बदलून टाकली.

"नऊ पास! मी मोजलेत. नऊ पास,
आणि दहावा सरळ त्या ढोलवाल्या पोराच्या मांडीत.
याला ऑफेन्स म्हणतात?
आमच्या गाईसुद्धा गोठ्यात याहून सरळ शिरतात."

मग मीठदाणी झाली ब्रिन,
मिरपूड ती मिनेसोटाहून आलेली डावखुरी,
दोन साखरेच्या पुड्या उगाच इकडून तिकडे पळणाऱ्या,
आणि केचपची बाटली रिंगखाली, मधोमध.
"सहा फूट चार इंच! हिला चेंडू द्या ना.
शोभेला उभी केलीय का?"

ड्वेन टाडननं बाटली उचलून कोपऱ्यात ठेवली.
शाळेत गणित शिकवायचा तो, अजून तसाच बोलतो.
"रेनी हिला बाहेर काढते, कारण मग आत जागा होते.
त्या जागेत कुणीतरी कापत शिरायचं."
"कोण शिरतंय?"
"तेच तर."
"म्हणजे कोचच चुकली."
"म्हणजे पोरी दमल्यात, मर्लिन. सातच जणी खेळवते ती."
"मग ते कुणाचं चुकलं?"

मी पाय खात होतो, चेरीचा.
मी त्यांची बस चालवतो.
पुढच्या सीटवर रेनी स्टॅमेट्स रात्रभर तीच तीस सेकंदं
मागे नेते, पुढे नेते, मागे नेते;
तिचा चेहरा निळा दिसतो आरशात.
ब्रिनच्या उजव्या मनगटाला काय झालंय तेही मला ठाऊक आहे.
पण बसमधलं बसमध्ये.
मी आणखी एक घास घेतला.

"तू बोल ना, आर्डिस," ड्वेन म्हणाला,
"तू खेळलीयस."

आर्डिसनं चष्मा पुसला. एक्क्याऐंशीची आहे,
थंडीत काचा धुरकटतात तिच्या.
"मला ऑफेन्सचं विचारू नका.
आमच्या वेळी सहा-सहा जणी.
तीन या अर्ध्यात, तीन त्या अर्ध्यात.
मी राखणारी. चेंडू हिसकवायचा,
दोनदा आपटायचा, तिसऱ्यांदा आपटला की शिट्टी,
रेषेपलीकडच्या पोरीला द्यायचा,
आणि थांबायचं.
पलीकडे काय चाललंय ते आम्ही तिघी उभ्या राहून बघायचो,
तुमच्यासारख्याच,
फक्त तिकीट न काढता."

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"चार वर्षांत एकदाही रिंगकडे टाकला नाही.
लोक म्हणायचे, मुलींना एवढं धावणं झेपत नाही.
आणि घरी गेलं की दोन्ही बादल्या घेऊन
विहिरीपासून गोठ्यापर्यंत, चढावर."
ती हसली नाही.
"आज मीसुद्धा मोजत होते, मर्लिन.
तुझे पास नाही.
ती ब्रिन चेंडू घेऊन मधली रेषा किती वेळा ओलांडते ते.
अठ्ठावन्न.
खाली बघितलंसुद्धा नाही तिनं."

फ्रिजचा आवाज ऐकू आला मग.
मर्लिननं चमचा कपात फिरवला,
साखर कधीच विरघळली होती.

"ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला,
"पण झोनविरुद्ध..."
"झोन मी फळ्यावर काढून दाखवतो तुला,"
ड्वेननं नॅपकिन ओढला,
आणि केचप पुन्हा रिंगखाली आली.

आर्डिसनं कोट घातला, नाणी मोजून ठेवली.
दारातून मला म्हणाली,
"त्या पोरीला सांग, मनगट गरम पाण्यात नको, बर्फात."
मी काही बोललो नव्हतो.

शनिवारी बस सहाला निघते.
या थंडीत इंजिन
अर्धा तास आधी चालू करावं लागतं.