कुत्रा कुठे बसलाय

पुंता आरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिका चौकाचौकात दोर बांधते.
धरून चालायचं. म्हातारे, शाळेतली पोरं, दारू प्यालेले,
सगळे एकाच दोराला.
माझा भाऊ निबाल्दोही धरतो.
तिथं कुणी विचारत नाही
तुला आवाज ऐकू येतात का म्हणून.

दवाखान्यात विचारतात.
तो म्हणाला, पोटात कुत्रा आहे. जेवलं की चावतो.
डॉक्टरांनी मान वर केली नाही.
पडद्यावर त्याचं नाव होतं, नावाच्याही आधी आजाराचं नाव,
एकोणीस वर्षांपूर्वीचं,
आणि त्या नावाखाली कुत्र्याला आयती जागा होती.
गोळी वाढवली. अर्धीची एक.

आता मला सांगा,
मी कारखान्यात खेकडे सोलते, आठ तास उभी.
पायांना मुंग्या येतात माझ्या.
बारा वाजले की पोटात कावळे ओरडतात.
परवा शिडीवरून उतरताना डोळ्यांपुढे काजवे चमकले
तर तिथल्या नर्सनं मला खुर्ची दिली,
साखर घातलेला चहा दिला,
दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला.
एवढी जनावरं अंगात घेऊन फिरते मी,
माझी गोळी कुणी वाढवली नाही.

त्याची सुई मात्र चुकू देत नाहीत, हे खरं.
अठ्ठाविसाव्या दिवशी गेला नाही
तर एकोणतिसाव्याला दारात पांढरी गाडी.
टोचतात, सही घेतात, जातात.
एकोणीस वर्षांत चाळीस किलो चढले अंगावर;
वजनकाटा त्याच खोलीत होता,
वर फायली रचलेल्या.
दात एकेक करून गेले.
तहान वाढली, रात्री चारचारदा उठायचा पाण्याला.
मला वाटायचं, आवाज उठवत असतील.
मलाही. हे सांगितलंच पाहिजे.
मीसुद्धा त्याचं ऐकताना आधी आजाराचं ऐकायचे.

ऑगस्टमधल्या एका रात्री तो फरशीवर दुमडून बसला,
पाठीवरचा घाम गार.
तातडीच्या विभागात आम्ही शिरलो
आणि डॉक्टरांच्या आधी पहारेकरी उठून उभा राहिला.
पाच तास.
हात बांधायचे का, असं दोनदा विचारलं मला.
पोट दाबून एकदाही पाहिलं नाही.

पहाटे पाळी बदलली.
रायेन नावाची मुलगी, शिकाऊच असावी, बूट ओले,
तिनं आधी हात चोळून गरम केले,
मग विचारलं, मला नाही, त्याला:
कुत्रा कुठे बसलाय?

निबाल्दोनं तिचं बोट धरलं
आणि उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवलं.
लोकरीच्या गोदामात होता तेव्हा
गाठ मारण्याआधी गठ्ठ्यावर बोट ठेवायचा ना,
तसं. नेमकं.

पित्ताशयात अकरा खडे निघाले.
एक तर परसातल्या कालाफातेच्या फळाएवढा.
आणि साखर तीनशे दहा.
ती लपली नव्हती कुठे.

तो बरा झाला असं मी म्हणणार नाही.
आवाज आहेत, सुई आहे, अठ्ठाविसावा दिवस आहे.
साखरेसाठी नोव्हेंबरची तारीख मिळालीय,
दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या रांगेत,
मधल्या मोकळ्या आवारात वारा असतो
आणि तिथं अजून कुणी दोर बांधलेला नाही.
मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.

काल विचारलं, कुत्रा गेला का रे?
म्हणाला, खड्यांवर बसायचा तो. आता बसायला काही नाही.
फाटकाशी असतो.
मी उठून खिडकीचा पडदा सारला.
खरंच होता एक, पिवळट, भिजलेला,
वाऱ्याकडे पाठ करून.
रात्रीची हाडं उरली होती.
मी निबाल्दोला म्हटलं, जा, घालून ये.