आकडा दिसत नाही

रात्री पावणेतीनला एलियानाचा फोन आला
खेकड्यांच्या कारखान्यातून, सुट्टीच्या सात मिनिटांत.
मागे पाण्याचे पाइप, कुणाचं तरी हसणं,
आणि तिचा आवाज, हातमोजा दातांत धरून बोलावं तसा:
"आकडा दिसत नाही."

आकडा म्हणजे मायतेच्या दंडावरची चकती,
शंभर पेसोच्या नाण्याएवढी.
दर पाच मिनिटांनी साखर मोजते, माझ्या फोनला सांगते,
माझा फोन ढगाला, ढग एलियानाला.
पुंता अरेनासच्या दुसऱ्या टोकाला ती खेकड्यांचे पाय फोडते
आणि एप्रनच्या खिशातून लेक सांभाळते.

मध्यरात्री फोनने स्वतःला नवं करून घेतलं होतं.
आता ॲप उघडलं की राखाडी वर्तुळ गरगर,
खाली एक ओळ: सेन्सरशी संपर्क नाही.
सेन्सर पलीकडच्या खोलीत. मध्ये एका फळीची भिंत.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
इंजिन बंद पडलं की तीनच गोष्टी: तेल, हवा, ठिणगी.
वास घ्यावा, कान लावावा,
नाहीच तर पान्याचा एक ठोका.
याला वासच नाही.
बंद केला, चालू केला.
विमानाचं चिन्ह दाबलं, सोडलं, कुठे जायचं नसताना.
शेवटी तिच्या उशाशी नेऊन ठेवला,
कोंबडीखाली अंडं ठेवावं तसा.
वर्तुळ फिरतंच.

ॲप काढून पुन्हा टाकणार, बोट टेकलंच होतं,
तर एलियाना ओरडली, "काढू नकोस!
काढलंस तर हा सेन्सर गेला, नवा पंधरा तारखेला."
मग तिच्याकडे घंटा झाली.

मी जुना डबा शोधला. सुई, पट्ट्या, कापूस.
बाहेर वारा छपराच्या पत्र्याला
दात घासून विचारत होता, निघतोस का, निघतोस का.
"मायते, जरा बोट दे."
ती जागी झाली नाही.
पांघरुणातून हात आपला आपण बाहेर आला,
मधलं बोट पुढे, किंचित वळवलेलं,
कडेला कमी दुखतं म्हणून.
एकशे आठ.
कागद सापडेना. तळहातावर लिहिलं, ग्रीसच्या डागाशेजारी,
फोटो काढून पाठवला.
तीन वाजून दहा.

मग सेटिंगच्या पोटात शिरलो.
खोलीत खोली, तिच्यात आणखी खोली,
आणि तळाशी ॲपचं नाव, त्याखाली
'जवळची उपकरणं शोधण्याची परवानगी',
पुढे एक बटण, डाव्या कुशीवर निजलेलं.
परवानगी नाकारली आहे.
कोणी नाकारली?
एकच्या सुमाराला लघवीला उठलो होतो,
वेळ बघायला फोन उचलला, त्याने काहीबाही विचारलं,
मी नको म्हणालो.
मी सगळ्यालाच नको म्हणतो.
बँकेच्या बाईला, विम्याच्या पोराला,
दुकानात पिशवी हवी का विचारतात, त्यांनाही.
बाबांचं बंदरावरचं अख्खं आयुष्य
या एका शब्दावर निभावलं. मला वाटलं, माझंही निभेल.

बटण उजवीकडे सारलं. हिरवं झालं.
पुढे काहीच नाही.
चहाचं पाणी ठेवलं, बंद केलं, परत ठेवलं.
मग एकशे तीन,
आणि शेजारी छोटा आडवा बाण: सगळं स्थिर.
एलियानाने उत्तर दिलं नाही.
फोटोखाली फक्त दोन निळ्या खुणा उगवल्या.

सकाळी मायतेने आलेख पाहिला.
एकपासून साडेतीनपर्यंत रेषाच नाही.
"इथे मी कुठे होते?"
मी पंजा उघडून दाखवला. एक पुसून गेला होता, शून्यही.
आठ तेवढा शिल्लक.
"मला काहीच आठवत नाही," म्हणाली,
बोट उजेडात धरून ठिपका शोधला, सापडला,
आणि पावाला मुरंबा मागितला.

मी नको म्हणालो.
मग फोन पाहिला, बाण पाहिला,
आणि अर्धा चमचा दिला.